पदवी, हुन्नर आणि पेढी : बडोद्याचा एक जुना प्रश्न

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘बडोद्यातील मराठी समाज आणि शिक्षण’ या विषयावर लेख मागितला, त्यावेळी मी तो लिहिण्याचे मान्य केले खरे. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, एवढ्या विस्तृत विषयाला न्याय द्यावयाचा तर स्वतंत्र ग्रंथच लिहावा लागेल. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी येथे विचारार्थ घेतला आहे. तो विद्वानांच्या परिषदेतला नाही, घरातला आहे. मुलाची शालान्त परीक्षा आटोपली की त्याला कॉलेजात घालावयाचे, एखादा हुन्नर शिकवावयाचा, की चार पैसे हाती देऊन धंद्याला लावावयाचे? आपल्या ग्रंथालयाच्या शंभर वर्षांत या शहरातील जवळजवळ प्रत्येक मराठी कुटुंबात ही चर्चा निदान एकदा तरी झाली असेल, आणि बहुतेक घरी तिचा निर्णय चर्चेपूर्वीच ठरलेला असे. तो निर्णय काय असे, हे वाचकांस सांगावयास नको.

शिक्षण महाग झाल्यामुळे हा प्रश्न आता उद्भवला आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बडोद्यात तो १८९० साली खुद्द संस्थानच्या दरबाराने विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून एक संस्था उभारली होती. ती संस्था म्हणजे कलाभवन. दांडिया बाजाराकडून राजमहालाकडे जाताना ती इमारत आपण रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच तिच्याकडे लक्ष देत नाही.

प्रथम आपल्याविषयी थोडे. आपले पूर्वज या प्रांतात आले ते गायकवाडांच्या फौजेबरोबर, आणि फौजेच्या मागोमाग आलेल्या दफ्तराबरोबर. अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव यांनी गुजरातेत जम बसविला. त्यानंतर शिलेदार, पागेदार, फडणीस, कारकून, पुराणिक, आचारी अशी माणसे दक्षिणेतून येत राहिली. येथील व्यापार वाण्यांच्या व सराफांच्या हाती होता, शेती पाटीदारांच्या हाती होती, आणि कारागिरी सुतार, भावसार, कंसारा इत्यादी जातींच्या हाती होती. आपल्या वाट्याला तलवार आणि लेखणी आली. पुढे तलवारीचे काम संपले आणि लेखणी तेवढी राहिली. मराठी माणसाला धंदा जमत नाही, तो नोकरीच्या सावलीत वाढतो, ही टीका आपण आपल्यावर इतक्या वेळा करून घेतली आहे की ती आता पाठ झाली आहे. मला ती अर्धवट वाटते. ज्या शहरात बाजाराची एकही गल्ली आपली नव्हती, त्या शहरात खात्यातील नोकरी हाच आपला पिढीजात व्यवसाय होता. सुताराला वाकस तशी आपल्याला लेखणी. लग्न जुळविताना मुलगा काय करतो असे कोणी विचारीत नसे, ‘कुठल्या खात्यात?’ असेच विचारीत. त्या प्रश्नात आळसापेक्षा अनुभव अधिक होता.

या व्यवस्थेकडे वेगळ्या नजरेने पाहणारा मनुष्य योगायोगाने तिच्याच शिरोभागी येऊन बसला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक होऊन सयाजीराव झाला. त्यावेळी तो बारा वर्षांचा होता आणि त्याचे अक्षरओळखीपासूनचे शिक्षण बडोद्यासच झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी राज्याधिकार हाती घेतले. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे बडोदा कॉलेज सुरू झाले. कॉलेजातून पदवीधर निघावेत आणि ते संस्थानच्या खात्यांत जावेत, वहिवाटदार व्हावेत, न्यायाधीश व्हावेत, हा त्यातील सरळ हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. नव्या पद्धतीच्या राज्यकारभाराला शिकलेली माणसे हवीच होती.

परंतु महाराजांना दुसरा हिशेबही दिसत होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारला बजावले होते की, महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो. फुले आणि सयाजीराव यांचा परिचय होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील काही भाग फुल्यांनी महाराजांना वाचूनही दाखविला होता. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, पुण्याच्या परिसरातील मोठ्या कामांना त्यांनी माल पुरविला होता, ही गोष्ट त्यांच्यावरील भाषणांत सहसा येत नाही. शाळा काढणारा हा मनुष्य धंदा करून पोट भरीत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्राथमिक शिक्षणाच्या बाजूने सयाजीरावांनी पुढे काय केले ते सर्वश्रुत आहे. १८९३ साली अमरेलीच्या भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण त्यांनी सुरू केले. मात्र लिहावाचावयास शिकलेल्या मुलाने पुढे काय करावे, याचे उत्तर केवळ कॉलेजात नव्हते, आणि तेथे कलाभवनाची कल्पना येते.

ही कल्पना मुख्यतः प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. ते १८६३ साली सुरतेस जन्मले. म्हणजे ते आणि महाराज एकाच वर्षाचे. जातीने सुतार, घरात शिल्प आणि काष्ठकाम यांची परंपरा, आणि स्वतः मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेले. हातोडी आणि पदवी या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदलेल्या असल्यामुळेच त्यांना त्यांच्यातील अंतर इतके स्पष्ट दिसले असावे. बडोदा कॉलेजात ते शिकवीत होते आणि तेथून त्यांनी महाराजांपुढे उद्योगशिक्षणाची योजना ठेवली. १८९० साली कलाभवन सुरू झाले व गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम, रंगरसायन असे विषय तेथे शिकविले जात, आणि ते देशी भाषांतून शिकविले जात, हे विशेष. त्यासाठी शास्त्रीय विषयांवर गुजराती आणि मराठी पुस्तके तयार करण्याचा मोठा उपक्रमही गज्जरांनी हाती घेतला आणि महाराजांनी त्यास द्रव्य दिले. आज अभियांत्रिकीचे एखादे पाठ्यपुस्तक मराठीतून मिळेल का, म्हणून आपल्या ग्रंथपालांकडे चौकशी करून पाहावी, म्हणजे त्या उपक्रमाची किंमत कळेल.

येथे रंगाच्या विषयावर थोडे थांबले पाहिजे, कारण गज्जरांचा सर्व भर त्यावर होता आणि त्यामागे एक विलक्षण कथा आहे. गुजरातचे भावसार आणि रंगारी शेकडो वर्षे आलीच्या मुळांपासून आणि मंजिष्ठेपासून लाल रंग काढीत. कापड किती वेळ भिजवावे, तुरटी किती घालावी, कोणत्या नदीचे पाणी चांगले, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. १८६८-६९ च्या सुमारास ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य, अलिझरीन, डांबरापासून प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. थोड्याच वर्षांत ते पिंपांतून आपल्या बंदरांवर उतरू लागले. पुढे १८९७ साली जर्मन कंपनीने कृत्रिम नीळही बाजारात आणली. ज्या रंगाऱ्याच्या घरात पाच पिढ्यांचे ज्ञान होते, ते ज्ञान निरर्थक झाले असे म्हणता येणार नाही, पण त्याची बाजारातील किंमत उतरली. नवा रंग स्वस्त आणि ठरलेल्या मापाचा होता, आणि तो वापरण्याची कृती त्याच्या आजोबांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. हुन्नर शिकला की पोटाची ददात मिटली, असे आपण सहज म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगाऱ्यांना उलट अनुभव आला. हुन्नराच्या मागचे शास्त्र ज्याच्या हाती असते, तो दुसऱ्याचा हुन्नर एका दिवसात जुना करू शकतो. गज्जरांना हे पुरते उमगले होते. म्हणून त्यांनी रंगाऱ्याच्या मुलाला रसायनशास्त्र शिकवावयाचे ठरविले, आणि तेही त्याच्या भाषेत. जर्मन रंगांच्या कारखानदारांशी त्यांनी संबंध ठेवले आणि तेथील तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. ज्यांच्यामुळे आपला धंदा बुडाला त्यांच्याकडूनच विद्या घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मग रंगाऱ्यांची मुले आली का? ती अपेक्षेइतकी आली नाहीत, असेच म्हणावे लागते. कलाभवनातून बाहेर पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती बहुतेक लिहित्यावाचत्या किंवा जमीनजुमला असलेल्या घरांतील आहेत. कारण उघड आहे. कारागिराचा मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली चार आणे मिळवू लागतो. त्याला तीन वर्षे वर्गात बसविणे म्हणजे घरातील एक कमावता हात काढून घेणे होय. उलट कारकुनाच्या मुलाला तीन वर्षे बसून राहण्याची सवय असते आणि सोयही. दुसरी गोष्ट अशी की, कलाभवनातून शिकून निघालेल्या पुष्कळ तरुणांनी स्वतःचे कारखाने काढले नाहीत. ते मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत रंगखात्यात नोकरीस लागले. नोकरीला पर्याय म्हणून काढलेल्या शाळेनेही शेवटी चांगले नोकर तयार केले. यात संस्थेचे अपयश पाहणारे लोक तेव्हाही होते आणि दरबारातही होते. मी त्यांच्याशी सहमत नाही. गिरणीच्या रंगखात्यात, जेथे आधी परदेशी माणूस असे, तेथे देशी माणूस बसला, ही गोष्ट लहान नव्हती. पण कलाभवन कारागिरांचे झाले नाही, ही खंत गज्जरांना राहिली असणार. १८९६ च्या सुमारास ते बडोदे सोडून मुंबईस गेले.

मुंबईतील त्यांची एक हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले. ते काम चापेकर बंधूंचे होते, हे पुढे उघड झाले. संगमरवरात मुरलेले ते डाग कोणाला निघेनात. शेवटी गज्जरांनी आपल्या रसायनांनी पुतळा पूर्ववत केला आणि त्यांचे नाव विलायतेपर्यंत गेले. पुढे काळवंडलेले मोती उजळण्याच्या पद्धतीवर त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला आणि कोर्टकचेऱ्यांत तो घालविलाही. मुंबईस त्यांनी स्वतःची रसायनशाळा काढून विद्यार्थी घडविले.

त्या विद्यार्थ्यांपैकी दोघे बडोद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले : भाईलाल दाजीभाई अमीन आणि कोटिभास्कर. एक पाटीदार, एक मराठी. गज्जरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबईत औषधी अर्क आणि मद्यार्क तयार करण्यास आरंभ केला, आणि १९०७ साली ‘अलेम्बिक’ या नावाने कंपनी स्थापन होऊन तिचा कारखाना बडोद्यात आला. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे नळीचे भांडे. रसायनाच्या प्राध्यापकाच्या शिष्यांनाच असे नाव सुचावे. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. म्हणजे शास्त्र शिकलेली माणसे, भांडवल पुरविणारी पेढी आणि पाठीशी उभे असलेले राज्य ही तिन्ही एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतराने एकत्र आली. अलेम्बिकचे यश हे ‘धाडसी उद्योजका’चे उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. धाडस होतेच, पण पदवी, हुन्नर आणि पेढी या तिन्ही गोष्टी त्यात होत्या, आणि त्यातील एखादी काढून घेतली असती तर काय झाले असते, याचा विचार ते उदाहरण मुलांना सांगणाऱ्यांनी करावा.

तिन्हींतील दोन गोष्टी नसल्या म्हणजे काय होते, हे कलाभवनाच्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात पाहावयास मिळते. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरच्या संस्कृत पंडिताचे चिरंजीव. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ काढून ते बडोद्यास आले आणि १८९० च्या सुमारास कलाभवनात दाखल झाले. तैलचित्र, जलरंग, स्थापत्य, मूर्तिकाम हे सर्व ते शिकले. गज्जरांनी त्यांची आवड ओळखून संस्थेतील छायाचित्रण शाळा त्यांच्या हाती दिली. इतका सर्व बाजूंनी तयार झालेला हात त्या काळी देशात फार थोडा असेल. आणि पुढची वीस वर्षे? गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा काढला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा दुकान मांडले. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. नाटकांचे पडदे रंगविले. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली आणि १९०६ साली सोडली. लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला, तो पुढे मुंबईस नेला, त्यासाठी जर्मनीस जाऊन यंत्रे आणली, आणि भागीदाराशी मतभेद होऊन तोही सोडला. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यासाठीचा पैसा विम्याच्या पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण ठेवून उभा राहिला होता.

फाळक्यांचे चरित्र आपण ‘राजा हरिश्चंद्र’पासून मागे वाचतो, म्हणून त्यातील प्रत्येक अपयश पायरीसारखे दिसते. १९०५ साली त्यांच्या घरी जाऊन कोणी विचारले असते की, कलाभवनात घालविलेली वर्षे कारणी लागली का, तर घरच्यांनी काय उत्तर दिले असते? आणि १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची सांपत्तिक स्थिती काय होती, हेही वाचकांस ठाऊक आहे. हुन्नराने त्यांना हात दिला, धंदा दिला नाही. धंद्याची जबाबदारी ज्या घटकेला हिशेबी भागीदाराच्या वाट्याला येई, त्या घटकेला भांडण होई. मी हे दोष म्हणून लिहीत नाही. परंतु ‘कला शिकवा, मुलगा उपाशी मरणार नाही’ असे सांगणाऱ्याने ही वीस वर्षेही मोजावयास हवीत, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही.

संस्थानाच्या बाहेरचे एकच उदाहरण येथे घेतो, ते फाळक्यांच्याच पिढीचे आणि त्याच कलाशाळेत शिकलेल्या मराठी माणसाचे असल्यामुळे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही असे निघाले, आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. मुंबईस यंत्रविद्येच्या शाळेत त्यांनी शिकविले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास वडीलबंधू रामूअण्णांकडे आले आणि सायकलींच्या दुकानात उभे राहिले. कडबा कापण्याचे यंत्र झाले, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमिनीला विष बाधेल या भीतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्या पहिल्या सहकाऱ्यांत शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसेही होती आणि त्यांनी उत्तम यंत्रे तयार केली. एवढ्यावरून पदवी निरुपयोगी असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. याच लक्ष्मणरावांनी आपले पुत्र शंतनुराव यांना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यंत्रशास्त्राच्या पदवीसाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत पाठविले. ज्याने पदवीशिवाय कारखाना उभारला, त्याला मुलाच्या बाबतीत पदवीची गरज वाटली. आणि ज्याला बढती नाकारली गेली, त्याच्या पाठीशी वेळेला भाऊ होता, दुकान होते, आणि एक राजा होता.

पाठीशी काहीच नसले तर काय, याचे उत्तर बडोद्याजवळच आहे, आणि ते आपल्याला फारसे आवडणारे नाही.

१९१३ साली सयाजीरावांनी एका तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अट अशी की, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते १९१७ साली ठरल्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पदवीच्या बाबतीत त्यांची बरोबरी करील असा माणूस त्यावेळी या शहराच्या सर्व खात्यांत शोधून सापडला नसता. त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. ओळखीच्यांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली वेळ काढला. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा तितका माहीत नाही, आणि आपल्या विषयाशी तोच अधिक निगडित आहे. मुंबईस परत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाचे काम केले, आणि शेअर बाजारातील गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. म्हणजे आपण आज मुलांना ज्या तीन वाटा सांगतो त्या सर्व त्यांनी चालून पाहिल्या. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले आणि व्यवसाय मिटला. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेथेही पाण्याच्या भांड्याला स्पर्श करण्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली. त्यांच्याजवळ शिक्षण होते, कौशल्य होते, व्यवसाय काढण्याचा उपक्रमही होता. महाराजांची इच्छाही त्यांच्या बाजूने होती. परंतु खोली भाड्याने देणे महाराजांच्या हातात नव्हते, ते शहराच्या हातात होते. आणि त्या शहरात आपण होतो. खात्यात बसलेल्या, रावपुऱ्यात आणि वाडीत घरे असलेल्या आपल्या पूर्वजांपैकी एकाने दार उघडले असते तर? हा प्रश्न इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही शताब्दीच्या उत्सवी वातावरणात तो वगळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटले नाही. कॉलेज, हुन्नर आणि धंदा यांतील कोणते फायद्याचे, असे विचारताना विचारणारा गृहीत धरतो की दारे उघडी आहेत, फक्त निवड करावयाची आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच फार काळ नव्हता. महाराणी चिमणाबाईंच्या नावाने निघालेल्या स्त्री उद्योगालयात शिवण, भरतकाम यांसारखी कामे शिकविली जात. आपल्या घरांतील कितीतरी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांनी शिवणयंत्रावर मुले वाढविली, त्या मुलांची कॉलेजची फी भरली. त्यांच्या हुन्नराला घरात कोणी धंदा म्हटले नाही. जमाखर्चाच्या वहीत त्या रकमा ‘किरकोळ’ या सदरात लिहिल्या जात.

आता १९४९ कडे येतो. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी संस्थानाने आपली शेवटची मोठी मिळकत विद्यापीठाच्या नावावर करून ठेवली, असेच म्हणा ना! बडोदा कॉलेज त्यात गेले आणि कलाभवनही गेले. कलाभवनाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली. सहा दशके निराळ्या नांदलेल्या पदवी आणि हुन्नर यांचे एका शिक्क्याखाली लग्न लागले, आणि या लग्नात हुन्नराने सासरचे नाव घेतले. देशी भाषा मागे पडली, प्रवेशाची गुणवत्ता यादी आली.

आपल्या समाजाला विलीनीकरणाचा धक्का निराळाच बसला. ‘कुठल्या खात्यात?’ या प्रश्नातील खातेच मुंबईला, आणि १९६० नंतर अहमदाबादला गेले. दफ्तराची भाषा बदलली. ज्या घरांत तीन पिढ्या हुजूर कचेरीच्या पगारावर चुली पेटल्या, त्या घरांतील मुलांना पहिल्यांदाच खरोखर निवड करावी लागली. वाडे विकले गेले, काही कुटुंबे पुण्या-मुंबईस गेली. जी राहिली त्यांना कलाभवनाने हात दिला. १९६२ साली खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ साली कोयलीचे तेलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले, पाठोपाठ पेट्रोरसायनांचे कारखाने आले, आणि त्यांना पदवीधारक, पदविकाधारक, जोडारी, वीजतंत्री सर्वच हवे होते. फडणिसांचा नातू पाळीवर जाऊ लागला. काहींनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहान शेड घेऊन सुटे भाग तयार करण्यास आरंभ केला. त्यांतील पुष्कळांनी आधी पंधरा-वीस वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी केली होती. भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून पहिले लेथ यंत्र आले. धंद्याचा निर्णय वयाच्या बाविसाव्या वर्षी घ्यावयाचा असतो, ही समजूत या मंडळींनी खोटी ठरविली, आणि त्यांच्याविषयी कोणी लेख लिहिला नाही.

आपले ग्रंथालय स्थापन झाले तेव्हा संस्थानातील ग्रंथालय चळवळ ऐन भरात होती. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून महाराजांनी विल्यम बोर्डन यांस बोलावून घेतले, १९१० साली ते आले, आणि गावोगाव वाचनालये निघाली. त्या चळवळीतील कल्पना अशी होती की, ज्याला कॉलेजची पायरी चढता आली नाही आणि ज्याला कलाभवनात जागा मिळाली नाही, त्यालाही सायंकाळी कामावरून सुटल्यावर पुस्तक मिळावे. आपल्या जुन्या कपाटांत कादंबऱ्या आणि नाटके यांच्या मागे रंगकाम, साबण, शेती, घड्याळदुरुस्ती अशा विषयांवरील काही मराठी पुस्तके अजून आहेत. गेल्या पावसाळ्यात कपाटे हलविताना ती बाहेर काढली, तेव्हा मी सहज एकाचे मागील पान उघडून पाहिले. तारखांचे शिक्के पान भरून होते, एका खाली एक, आणि जागा संपल्यावर कोणी तरी वर आणखी एक कागद चिकटविला होता. हे पुस्तक नेणारे सभासद कोण होते, कोणत्या खात्यात होते, त्यांनी साबण केला की नाही, याची नोंद आपल्याकडे नाही. शेवटचा शिक्का १९४९ च्या मार्चमधील आहे.